बस की गे जरा: कामानं करपलेल्या मनाबद्दल

गेल्या जुलैतली रात्र. सव्वाअकरा वाजलेले. बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला पडतो तसला पाऊस, लाइट जाऊन-येऊन, आणि मी स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसलेली. बिसियूटाचे, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे, आकडे भरायचे राहिले होते. किती मुलांनी अंडं खाल्लं, किती मुलांनी केळं घेतलं. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलं २३. अंडी १९, केळी ४. मी भरलं उलटं, अंडी ४ आणि केळी १९. पाठवलं आणि मग दिसलं.

त्यानंतर मी स्वतःला जे बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. ‘अक्कल गहाण टाकलीस काय’ आणि ‘बावीस वर्षं नोकरी करून साधा आकडा भरता येत नाही’ ही त्यातली त्यातल्या त्यात सभ्य वाक्यं. झोप लागली नाही ते वेगळंच.

पुढच्याच आठवड्यात जवळच्या गावातल्या बाईंचा फोन आला, आवाज रडवेला. त्यांनीही तेच केलं होतं. अंड्यांच्या जागी केळी. मी क्षणाचा विचार न करता म्हटलं, “असू दे की ओ बाई. सकाळी दुरुस्त करूया. आधी जेवलात काय सांगा.”

फोन ठेवला आणि मी त्या ‘जेवलात काय’पाशीच अडकले. माझी चूक झाली त्या रात्री मी जेवले नव्हते. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी तर नाहीच.

एकाच चुकीला मी दोन मापं लावली होती. असं का होतं, आणि त्याचा आपल्या दमण्याशी काय संबंध, हे शोधता शोधता जे वाचलं आणि जे स्वतःवर करून पाहिलं, ते इथं मांडते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. अवघड गोष्ट पाचवीच्या मुलाला कळेल अशी सांगणं एवढंच मला येतं.

करपणं म्हणजे काय

इंग्रजीत ह्याला बर्नआउट म्हणतात. मराठीत ‘थकवा’ म्हटलं तर कमी पडतं, ‘वैताग’ म्हटलं तर उथळ वाटतं. मी ‘करपणं’ म्हणते. भात करपतो तेव्हा वरून पांढराशुभ्रच दिसतो, वास सुटेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो.

कामाच्या बाबतीत हा शब्द रुळवला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञानं, १९७४ साली. न्यूयॉर्कमध्ये व्यसनात अडकलेल्या लोकांसाठी एक मोफत दवाखाना होता. दिवसभर स्वतःचं काम करून फ्रॉइडनबर्गर संध्याकाळी तिथं राबायचा. बरोबर स्वयंसेवक असायचे. त्याच्या लक्षात आलं की जी मंडळी सगळ्यात जीव ओतून काम करत होती, तीच आधी विझली. त्यात तो स्वतःही होता. अंगचोर माणूस करपत नाही, हे तेव्हापासूनचं निरीक्षण आहे, आणि आपल्या आजूबाजूला पाहिलं तर अजूनही पटतं.

पुढं क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन ह्या दोघींनी १९८१ मध्ये हे करपणं मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी धरल्या. पहिली, झोपून, सुट्टी घेऊनही न जाणारा थकवा. रविवार संपत आला की पोटात गोळा येतो तो. दुसरी गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते: मन कोरडं पडणं. ज्यांच्यासाठी काम करायचं तीच माणसं नकोशी होतात. पेशंट म्हणजे केस नंबर, मूल म्हणजे रजिस्टरातली ओळ. एकदा एक मुलगी मला दाराशी थांबवून तिच्या शेळीला पिल्लू झालं ते सांगत होती आणि माझ्या मनात चाललं होतं, ही कधी आटपणार. त्या दिवशी मी घाबरले. तिसरी, ‘आपल्या हातून काही होतच नाही’ असं वाटणं, मग केलेलं काम समोर ढीगभर असलं तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी जोडलेली एक स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा ताण फार दिवस चालला आणि त्याचा बंदोबस्त नीट झाला नाही की ही स्थिती येते, असं ती व्याख्या सांगते. माणूस कच्चा आहे असं तिच्यात कुठंही म्हटलेलं नाही. व्याख्या नोकरी-धंद्यापुरती आहे हेही सांगायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सात वर्षं करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला ती लागू होत नाही म्हणे. तिला विचारा.

भट्टीचं अस्तर

माझा धाकटा दीर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे, भट्टीवर. ह्या सगळ्या वाचनातलं जे डोक्यात शिरत नव्हतं, ते त्याच्या एका वाक्यानं शिरलं.

वितळवायच्या भट्टीला आतून अस्तर असतं, हे लोक त्याला ‘लायनिंग’ म्हणतात. वाळूच्या जातीची सिलिकाची पूड ठासून ठासून बसवलेली असते. आत चौदाशे-पंधराशे अंशांचा लोखंडाचा रस, बाहेर तांब्याची कॉइल आणि तिच्यातून फिरणारं पाणी, आणि मध्ये फक्त हे अस्तर. प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या प्रत्येक फेरीला, ते थोडं झिजतं. झिजणार हे धरलेलंच असतं, त्यात कुणाचा गुन्हा नाही. फार पातळ झालं की पॅनेलवर लीकेजचा इशारा येतो. तो डावलून अजून एक हीट काढायला गेलं तर रस अस्तर फोडून कॉइलपर्यंत पोचतो, मग भट्टीही जाते आणि कधीकधी माणूसही.

मी त्याला विचारलं, “इशारा आला की करता काय रे?”

“बंद करायची की वहिनी. शिव्या घालून लायनिंग जाड होतंय काय?”

तो हसला आणि चहाला गेला. मी मात्र माझ्या जुलैच्या रात्रीपाशी गेले. पॅनेलवर इशारा लागला होता आणि मी भट्टीला शिव्या घालत होते.

दुसरीही गोष्ट त्यानं सांगितली. नवं अस्तर ठासून झालं की लगेच पूर्ण तापवत नाहीत. तास न् तास, थोडं थोडं तापमान चढवत नेतात, म्हणजे ते भाजून घट्ट होतं. घाई केली की तडकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बरं वाटलं म्हणून जूनमध्ये चौपट कामं अंगावर घेणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे एकदा भट्टीपाशी उभं राहून पाहायला हवं.

शिव्यांनी काय होतं

आपण स्वतःला का झोडतो? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: नाहीतर मी आळशी होईन. चाबूक खाली ठेवला की बैल थांबणार, असा हिशेब.

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट ह्यांनी ह्यावर बरंच काम केलंय. त्यांची मांडणी सोपी करून सांगायची तर आपल्या भावनांच्या मागं तीन यंत्रणा असतात. एक धोक्याची. कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते, हातपाय ताठतात, दुसरं काही सुचत नाही. दुसरी मिळवण्याची. परीक्षा, पैसा, बढती, घराचा स्लॅब. तिसरी निवांतपणाची. पोटभर जेवून, आपल्या माणसांत, अंगणात बसल्यावर जे वाटतं ते. तिन्ही लागतात. गिल्बर्ट म्हणतात की आपण पहिल्या दोहोंवरच जगतो आणि तिसरी गंजून जाते.

आता गंमत अशी की धोक्याची यंत्रणा बाहेरचं कुत्रं आणि आतला आवाज ह्यांत फारसा फरक करत नाही. ‘अक्कल नाही तुला’ हे साहेबांनी म्हटलं काय आणि आपणच आपल्याला म्हटलं काय, शरीर सावध होतंच. साहेब निदान सहाला घरी जातात. आतला साहेब रात्री दोनलाही ड्यूटीवर असतो. आधीच दमलेल्या अंगाला रात्रभर असं सावध ठेवलं तर सकाळी काय उरणार? दुसऱ्या दिवशी अजून चुका, त्यावर अजून शिव्या. चाबकानं बैल चालतो खरं, पण पाय मोडलेल्या बैलाला चाबूक मारून गाडी घरी पोचल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माया, पण म्हणजे नेमकं काय

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ ह्यांनी २००३ मध्ये ‘सेल्फ-कम्पॅशन’ची नीट व्याख्या केली आणि ती मोजायला २६ वाक्यांची प्रश्नावली तयार केली. मूळ विचार बौद्ध परंपरेतल्या करुणेचा. म्हणजे आपल्याच मातीतून निघून, अमेरिकेला वळसा घालून परत आलेला. पुस्तकात त्याला ‘आत्मकरुणा’ म्हणतात. हा शब्द मला सत्काराच्या भाषणातला वाटतो. आमच्याकडे ‘माया’ म्हणतात. स्वतःवर माया.

नेफ ह्यांच्या मते तिचे तीन धागे. पहिला, चुकलं-माकलं, दमलं की स्वतःशी नीट बोलणं. दुसरा, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही ह्याची आठवण. तिसरा, जे वाटतंय ते आहे तेवढंच बघणं.

पहिला धागा कळायला सोपा, पण अमलात आणायला मला सगळ्यात अवघड गेला, आणि तो का हे समजायला वेळ लागला. ‘स्वतःशी प्रेमानं बोला’ म्हणून मी बसले, तर मनात वाक्य आलं: ‘तू खूप छान प्रयत्न करत आहेस.’ इतकं खोटं वाटलं की हसू आलं. हे पाठ्यपुस्तकातलं मराठी. ह्या भाषेत मी मूल्यमापनाच्या वहीत शेरे लिहिते. मग लक्षात आलं की मला झोडणारा आवाजही ह्याच शुद्ध भाषेत बोलतो, शब्द न् शब्द व्याकरणात बसवून. माझी माया मात्र त्या भाषेत नाहीच. ती आजीच्या बोलीत आहे. आजी नंदगडच्या बाजूची. ती कधी ‘छान’ म्हणाल्याचं आठवत नाही. ती म्हणायची, “किती करशील गे? बस की जरा. खाल्लीस काय?”

त्या आवाजात स्वतःशी बोलून पाहिलं आणि खांदे खाली आले. खरंच आले, नुसतं म्हणायला नाही.

तेव्हा माझा पहिला सल्ला हाच, आणि तो मी पुस्तकातून आणलेला नाही: तुमच्यावर माया करणाऱ्या माणसाची बोली शोधा. बेळगावच्या गल्लीतली असेल, चंदगडकडची असेल, घरात अर्धी कानडी चालत असेल तर तसली. आतल्या साहेबाशी त्याच्या भाषेत वाद घालत बसू नका.

दुसऱ्या धाग्यात एक खड्डा आहे. ‘सगळ्यांनाच असतं, तुझं काय नवीन’ हे वाक्य आपण जन्मापासून ऐकतो. ते तोंड बंद करायला असतं. नेफ म्हणतात ते ह्याच्या उलट्या दिशेचं आहे. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून तुझं दुखणं छोटं होत नाही, ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून तू त्यात एकटी नाहीस. शब्द तेच, मागून येणारा श्वास वेगळा. अंडी-केळ्यांचा फोन आला तेव्हा मला जो हलकेपणा आला तो दुसरीचं वाईट झालं म्हणून नव्हता. मी एकटीच मूर्ख नाही, हे कळल्याचा होता.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडं दोनच रीती. एक, ‘मनाला लावून घेऊ नको’ म्हणत दाबून टाकायचं. दुसरी, एका चुकीवरून नोकरी, संसार, सगळा जन्मच फुकट गेला इथपर्यंत जायचं. मधली रीत अशी: ‘आज आकडा चुकला. मला वाईट वाटतंय. छातीत घट्ट झालंय.’ एवढंच. त्यापुढचं कीर्तन नको.

लाड आणि माया

स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा एक सर म्हणाले, “म्हणजे आता सगळ्यांनी स्वतःचे लाड करायचे. काम कोण करणार?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कुणीतरी तपासूनही पाहिलंय.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन ह्यांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक असा. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. मग एका गटाला सांगितलं, अशी परीक्षा बहुतेकांना जड जाते, तुम्ही एकटे नाही, स्वतःवर फार कडक होऊ नका. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही हुशारच असणार, नाहीतर ह्या विद्यापीठात आलाच नसता. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. नंतर दुसऱ्या परीक्षेसाठी हवा तेवढा वेळ अभ्यासाला दिला. सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं.

मला ह्यात दुसरा गट जास्त बोलका वाटतो. ‘हुशार आहेस’ म्हणणं म्हणजे लाड. पुन्हा चुकलं तर ती हुशारी खोटी ठरणार, म्हणून परत त्या कागदाकडं बघायचंच नको वाटतं. ‘जड होतं, बहुतेकांना जातं’ म्हटलं की कागदाकडं बघायची भीती जाते. चूक उघडून बघता आली तरच ती दुरुस्त होणार. वर्गात हे आम्ही रोज करतो. पाढा चुकलेल्या पोराला ‘बघू, कुठं अडकलास’ म्हणतो. घरी येऊन स्वतःपुढं मात्र छडी काढतो.

लाडाची आणि मायेची माझी साधी चाचणी: आई आजारी पोराला गोळी देते, आईस्क्रीम देत नाही. माया कधीकधी ‘आता मोबाइल ठेव आणि झोप’ असंही म्हणते.

करायचं कसं

नेफ आणि त्यांचे सहकारी ख्रिस्टोफर गर्मर ह्यांनी आठ आठवड्यांचा एक शिकवणी-वर्ग बसवलाय आणि २०१३ मध्ये त्याची चाचणीही प्रसिद्ध केली. वर्गातल्या लोकांची स्वतःवरची माया वाढली, ताण आणि उदासी कमी झाली, असं दिसलं. तो वर्ग आपल्या खेड्यात यायची वाट बघायची गरज नाही. त्यातला सगळ्यात छोटा व्यायाम मी बसमध्ये करते. बेळगाव-खानापूर रस्त्यावर, खिडकीकडं तोंड करून, तीन वाक्यं. ‘आत्ता जड जातंय.’ ‘हे फक्त माझंच नाही.’ ‘आता मला काय हवंय?’ तिसऱ्याचं उत्तर बहुधा मोठं नसतं. पाणी. दहा मिनिटं कुणी न बोलणं. एखाद्याला फोन करून ‘नाही जमणार’ सांगणं.

छातीवर हात ठेवा असंही त्यात सांगतात. स्पर्शानं ती तिसरी, निवांतपणाची यंत्रणा जागी होते म्हणून. मला लाज वाटली. भरल्या बसमध्ये कुठं छातीवर हात ठेवणार? मग आजीच आठवली. ती आमच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. आता मी रात्री तोंड धुतल्यावर गालांवरून हात फिरवते, सावकाश. कुणाला कळतही नाही.

पत्र लिहिण्याचाही एक उपाय आहे. कॅनडात लिआ शपिरा आणि मिरियम माँग्रेन ह्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. सात दिवस रोज, समजूतदार मित्र लिहील तसं स्वतःलाच छोटं पत्र लिहायचं. लिहिणाऱ्यांची उदासी तीन महिन्यांनंतरही कमी राहिलेली दिसली. मी सातातले पाच दिवस लिहिलं. दोन दिवस राहिले त्यावरून स्वतःला बोलले नाही, हीच प्रगती.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. सुरुवातीला कधीकधी बरं वाटायच्या ऐवजी रडू येतं. मला तिसऱ्या रात्री आलं, वडील गेले तेव्हाचं, जे मी परीक्षांच्या गडबडीत रडलेच नव्हते. गर्मर ह्यासाठी आग विझवणाऱ्यांची उपमा देतात. बंद खोलीत धुमसत असलेल्या आगीला दार उघडून एकदम हवा मिळाली की ती बाहेर उसळते. मनाचंही तसं होतं. म्हणजे उपाय उलटला असं नव्हे. पण दार सगळं एकदम उघडू नये. तेवढ्यापुरतं थांबावं, भांडी घासावीत, अंगणात फिरावं. फार जुनं आणि फार मोठं काही वर येत असेल तर एकट्यानं करू नये.

मायेनं दर वाढत नाही

आता ह्या सगळ्याची मर्यादा, कारण ती सांगितली नाही तर हा लेख अन्याय करेल.

निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते. तिनं स्वतःवर कितीही माया केली तरी हजाराचा दर वाढत नाही. वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्याला सूत महागलं ते मायेनं स्वस्त होत नाही. आशाताईच्या फोनला वेळकाळ नसते, रात्री बारालाही वाजतो. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर ह्यांनी माणूस करपण्यामागं कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत: कामाचा भार, आपल्या हातात किती आहे, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय, आणि जे पटतं तेच करायला मिळतं का. ह्यातलं एकही कलम ‘माणसाचं मन कमकुवत’ असं नाही. भट्टीत दिवसाला किती हीट काढायच्या हे अस्तर ठरवत नाही.

सीमाभागात ह्यावर आणखी एक थर चढतो. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचं राजकारण इथं उगाळत नाही, इथं जन्मलेल्याला ते सांगावंही लागत नाही. मी फक्त कामाचा हिशेब मांडते. मी शिकवते मराठीत. सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, येतं कन्नडात. माहिती भरायची ती अर्ध्या इंग्रजी पडद्यावर. मला कन्नड वाचता येतं, बाजारात भांडता येण्याइतकं बोलताही येतं, पण सरकारी कन्नड वेगळं. प्रत्येक सुत्तोले मी दोनदा वाचते. एकदा अर्थ लावायला, एकदा चुकलं तर नाही ना ह्या धास्तीनं. हा दुसऱ्यांदा वाचण्याचा वेळ कुठल्याच वेळापत्रकात नाही. वीस वर्षं मी तो ‘माझा मंदपणा’ ह्या खात्यावर मांडत आले.

स्वतःला झोडणं थांबवल्यावर पहिल्यांदा दिसलं ते हेच. शिव्या चालू होत्या तोवर प्रत्येक अडचणीचं उत्तर ‘मीच कमी पडते’ हे एकच होतं, त्यामुळं दुसरीकडं बघायची वेळच आली नाही. आवाज जरा खाली आल्यावर हिशेब मांडता आला: हे माझं, हे भाषेचं, हे दोनच शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळण्याचं. माझं जे होतं ते मी सुधारायला घेतलं. बाकीच्यासाठी तोंड उघडावं लागतं, आणि त्याला आधी अंगात त्राण लागतं.

थकव्यामागं शरीराचंही काही असू शकतं, तेही बघून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. माझ्या एका मैत्रिणीचं ‘मन करपलं’ होतं, ते निम्मं हिमोग्लोबिन निघालं. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हे नुसतं करपणं नसून नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर हवा, तीन वाक्यं पुरत नाहीत. जगणं नको असं मनात येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच बोला. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, फुकट, रात्रंदिवस चालू. मराठीतही बोलता येतं, कन्नडातही. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, डिमहान्स. बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

मागच्या हिवाळ्यात क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या बाकावर कन्नड शाळेच्या एक टीचर बसल्या होत्या. दुपारी डबे उघडले. त्यांनी चटणी पुढं केली, मी मोबाइलवर आलेलं नवं सुत्तोले दाखवून कपाळावर हात मारला. मला वाटलं होतं त्यांना काय, त्यांच्या भाषेत आलंय. त्या म्हणाल्या, “साकागेती री.” पुरे झालं हो, आता बस झालं. त्यांच्या शाळेत मुलं साठ, एक शिक्षिका दुसरीकडं पाठवलेली, आणि चित्रकला, कार्यानुभव सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यांना कागद कापायचं नाव काढलं तरी घाम फुटतो.

बावीस वर्षांत मी कुणाला ‘हे मला एकदा समजावून सांगाल काय’ असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आता असं चाललंय: मी महिन्याला एकदा त्यांच्या मुलांसाठी घड्या घालून, कापून, आखून तक्ते पाठवते. आणि सुत्तोले आलं की संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. दोन मिनिटांचा, कन्नडात, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोललेला. शेवटी दर वेळी एकच प्रश्न असतो. “ऊटा आयता?” जेवण झालं काय?

परवा त्यांना कळवलं, अजून नाही, आता बसते.